सावतोबांच्या मळ्यातली मिरची

मंडळी, यंदा आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे सावता माळ्यांच्या पुण्यतिथीला, आमच्याकडे एक भांडण झालं. माझे थोरले भाऊ माळकरी. गेली तीस-पस्तीस वर्षं त्यांची वारी चुकलेली नाही. संध्याकाळी भजनात त्यांनी सावतोबांचा तो भाजीचा अभंग म्हटला. अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ असेलच, म्हणून इथे उतरवून काढत नाही. त्यात कांदा आहे, मुळा आहे, लसूण-कोथिंबीर आहे आणि मिरची आहे. भजन संपलं, प्रसाद वाटून झाला आणि धाकट्या भावाचा मुलगा (इंजिनिअर आहे, वाचन बरं आहे, जिभेला मात्र हाड नाही) म्हणाला, "काका, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली. मग सावता माळ्याच्या मळ्यात ती कुठून आली? हा अभंग बोगस आहे." झालं! दादा ताटावरून उठले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे आणि दोघेही मला वेगवेगळा फोन करतात. दादा म्हणतात, "तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास, तू सांग त्याला." भाचा म्हणतो, "आत्या, खरं काय ते तूच सांग."

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले. दोघांनीही सगळं वाचावं, आपल्या सोयीपुरतं नको.

आधी सनावळी. सावतोबांचं गाव अरण, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. समाधी शके १२१७ ची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (हे मी पाचवीपासून घोकून घेत असे), म्हणजे १२९५. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ मध्ये, आणि अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तोही १२९६ मध्येच. म्हणजे सावतोबांनी मोट हाकली ती रामदेवराव यादवाच्या राज्यात. आता मिरची. तिचं माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. तिथले लोक ती किमान सहा हजार वर्षं खात आले आहेत. पण आपल्याकडच्या जगाला तिचा पत्ता लागला तो कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचल्यावर. तो निघाला होता काळी मिरी शोधायला. बेटांवरचे लोक 'आही' नावाची एक तिखट शेंग खातात, तीच त्यांची मिरी, अशी नोंद त्याने १४९३ च्या जानेवारीत केली आहे. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० मध्ये. मिरची आपल्याकडे आली ती या जहाजांतून. सावतोबांची समाधी आणि गामाचं जहाज यांच्यात २०३ वर्षं आहेत. भाच्याचं गणित बरोबर आहे. दादा, रागावू नका. इथे दुसरं काही म्हणता येण्यासारखं नाही.

कोणी म्हणेल, मिरची आपल्याकडे आधीपासून असेल, लिहून ठेवलं नसेल एवढंच. तर तेही पाहू. चरक-सुश्रुतांना तिखटाचं वावडं नव्हतं. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतो, आजही आयुर्वेदाच्या दुकानात मिळतो. त्यात मिरची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला बाराव्या शतकात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या सोलापूरहून फार लांब नाही. म्हणजे सावतोबांच्याच मुलखातला म्हणायला हवा. या राजाने खाण्यापिण्यावर हात राखून लिहिलेलं नाही. मांडे आहेत, वडे आहेत, मासे-मटण आहे. फोडणीला हिंग, मिरी, आलं, मोहरी असं सगळं आहे, पण मिरची नाही. आणि गंमत म्हणजे मिरची येऊन दोन पिढ्या उलटल्यावर, १५९० च्या सुमारास अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी' लिहिली, त्यातल्या पाककृतींतही मिरीच आहे. अननस मात्र तोवर बादशहाच्या फळांच्या यादीत जाऊन बसला होता. म्हणजे गोड पाहुणा आधी दिल्ली-आग्र्याला पोचला आणि तिखट पाहुणी मागे रेंगाळली!

मूर्तिकलेचाही पुरावा काही जण पुढे करतात. कर्नाटकात सोमनाथपूरला होयसळांचं देऊळ आहे, १२६८ च्या सुमाराचं, म्हणजे ऐन सावतोबांच्या काळातलं. तिथल्या काही मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे असं १९८९ मध्ये दोघा अभ्यासकांनी मांडलं आणि बराच धुरळा उडाला. मका अमेरिकेचा, मग तो कोलंबसाच्या आधी म्हैसूरजवळ कसा? पुढे आपल्याकडच्या मक्याच्या जाणकारांनी ते कणीस नाही, मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ आहे, असं साधार दाखवलं. बहुतेकांना तेच पटतं, मलाही. दगडातलं फळ पाहणाऱ्याच्या मनाप्रमाणे काहीही दिसतं. जमिनीत जळके दाणे सापडले असते तर गोष्ट वेगळी.

मग अभंगात मिरची आली कशी?

पहिली शक्यता लोक सांगतात ती अशी, की मूळ शब्द 'मिरी' असावा आणि गाता गाता 'मिरची' झाला. ऐकायला बरं वाटतं. शब्दाचं नातंही खरं आहे. संस्कृत 'मरीच' म्हणजे काळी मिरी. तिच्याच नावावरून नवी शेंग 'मिरची' झाली. कोलंबसाने तरी वेगळं काय केलं? त्यानेही मिरीचंच नाव तिला दिलं, आणि इंग्रज अजून दोघींना एकाच नावाने हाक मारतात. पण मंडळी, मी माळ्याच्या बाजूने विचार करते. मिरीच्या वेलाला केरळ-कोकणातला पाऊस लागतो, दमट सावली लागते, चढायला झाड लागतं. अरणच्या काळ्या रानात, वीस-बावीस इंचांच्या पावसात, वैशाखाच्या उन्हात मिरीचा वेल? आमच्या शेजारणीने कोकणातून आणून कुंडीत लावला होता, एक उन्हाळा काढला नाही त्याने. सावतोबा आपल्या मळ्यात जे पिकतं त्याबद्दल बोलताहेत. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर ही चारही त्या मातीत, विहिरीच्या पाण्यावर पिकणारी. त्यांच्या ओळीत मिरी बसत नाही. मिरची मात्र चपखल बसते. म्हणून मला वाटतं, तो शब्द ज्याच्या तोंडून आला त्याने मिरची वाफ्यात उभी असलेली पाहिली होती. आणि तो माणूस सावतोबांच्या मागून निदान तीनशे वर्षांनी झाला असला पाहिजे.

यात खोटेपणा कुठे आला? सावतोबांनी काही लिहून ठेवलं नाही. काशिबा गुरवांनी त्यांचे अभंग टिपले अशी परंपरा आहे. आज त्यांच्या नावावर चाळीसही अभंग नाहीत. ते बाडांतून उतरले, कीर्तनांतून फिरले, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेले. छापील गाथा आल्या त्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकात. मधल्या सहाशे वर्षांत ज्यांनी हा अभंग गायला त्यांत बहुतेक शेतकरी आणि माळी. त्यातल्या कुणी आपल्या वाफ्यातलं रोप देवाच्या पंगतीला नेऊन बसवलं असेल. किंवा अख्खा अभंगच पुढच्या एखाद्या माळ्याने रचून सावतोबांच्या पायाशी ठेवला असेल. तेव्हा असं करणं म्हणजे चोरीच्या उलट काम होतं. आपली रचना दुसऱ्याच्या नावाने सोडून द्यायची! मी वर्गात मुलांना सांगत असे, की जुन्या पोथीत नंतरची भर सापडली की पोथी फेकायची नसते, भर कुणी आणि का घातली ते विचारायचं असतं. भाच्याला 'बोगस' हा शब्द मागे घ्यावा लागेल. शब्द चुकीचा आहे.

आता 'का' बद्दल. परक्या मुलखातली एक शेंग दोन-तीनशे वर्षांत इतकी आपली कशी झाली, की ती विठोबाच्या अभंगात जाऊन बसावी आणि कुणाला खटकूही नये?

याचं उत्तर पुस्तकात मिळतं त्याहून जास्त परसात मिळतं. आमच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांची जागा आहे. मोरीचं पाणी जातं तिथे आळू आणि एक केळ, कडेला शेवगा, मधे मांडव, उरलेल्यात चार वाफे. मिरचीची सहाच रोपं लावते, दोघांना पुरून उरतात. मृगाच्या सुमारास बी टाकायचं, वीतभर तरू झाला की पावसाची उघडीप बघून लावायचा, बुडाशी शेणखत. मावा आला तर चुलीतली राख शिंपडायची (आता चूल नाही, बंबातली घेते). चुरडा-मुरडा मात्र आला की रोप उपटून टाकावं, बाकीची वाचतात. लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा. पुढे थंडीपर्यंत आठवड्याला मूठ-दोन मुठी निघत राहतात. शेवटच्या झाडावरच पिकून लाल होऊ द्यायच्या, वाळवायच्या, त्यांतलंच बी पुढच्या वर्षाला. एक पैसा खर्च नाही. आणि मिरी? ती मलबारातून बैलांच्या पाठीवर यायची, व्यापाऱ्याच्या दुकानात तोलून विकली जायची. जिच्यासाठी युरोपातले राजे जहाजं बुडवत होते ती शेतमजुराच्या भाकरीवर कुठून येणार? तो पिंपळी, आलं, मोहरी यावर भागवत असेल, नाहीतर नुसत्या मिठावर. त्याच्या दारात ही बया आली. कुठल्याही रानात, कुठल्याही फुटक्या गाडग्यात उगवते, ओली चालते, वाळलेली वर्षभर टिकते. ज्याच्याकडे विकत घ्यायला काही नाही त्याच्या भाकरीला तिने चव दिली.

पाखरांनीही हातभार लावला. मिरचीचा तिखटपणा आपल्याला झोंबतो, पाखरांना तो जाणवतच नाही. आमच्याकडे बुलबुलांची जोडी लाल लवंगी मिरच्या पेरूसारख्या खाते. कुंपणाखाली, तुळशीवृंदावनाच्या फटीत न लावता मिरची उगवते ती त्यांची पेरणी. शे-दोनशे वर्षं अशी आपोआप उगवणारी वस्तू बाहेरची आहे असं कोण म्हणेल? खुद्द युरोपातही घोळ झालाच होता. जर्मनीतला फुक्स नावाचा वनस्पतींचा मोठा जाणकार, त्याने १५४२ च्या आपल्या ग्रंथात मिरचीचं सुंदर चित्र छापलं आणि तिला नाव दिलं कालिकतची मिरी! म्हणजे अमेरिकेतून निघून पन्नास वर्षं झाली नाहीत तोच ती हिंदुस्थानची म्हणून तिकडे ओळखली जाऊ लागली होती. कन्नड संत पुरंदरदास १५६४ मध्ये गेले, त्यांच्या नावावरही मिरचीवरचं एक पद सांगतात. आपल्याकडे मुंबई भागात तिला 'गोवाई मिरची' म्हणत असं जुन्या नोंदींत सापडतं. गोव्याचं नाव गळून पडलं, मिरची राहिली. आता तर भिवापूरच्या मिरचीला आणि गोव्यातल्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी त्या त्या गावची लेक!

मिरचीचं ऋण मला पुस्तकाबाहेर कळलं ते १९७२ च्या दुष्काळात. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षी पाऊस गेला तो गेलाच. विहिरींचे तळ दिसू लागले, दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडायला जाऊ लागली. शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर खडीवर. वाटपाची सुकडी यायची, रेशनवर अमेरिकेतला लाल मायलो मिळायचा. त्याची भाकरी थापली की चिरा पडायच्या आणि घशाखाली उतरायची नाही. आमच्या परसातलं सगळं गेलं. आईने आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी एका घमेल्यात धरून आळू आणि मिरचीची तीन झाडं तेवढी जगवली. घरात सात माणसं. रोज संध्याकाळी तीन-चार मिरच्या तव्यावर भाजून, मीठ घालून, तांब्याच्या बुडाने रगडायच्या. तो ठेचा असला की मायलो जात असे. नसला की धाकटा रडत असे. त्या वेळी अमेरिकेची भाकरी आणि अमेरिकेचीच मिरची आम्ही खात होतो हे लक्षात यायला मला पुष्कळ वर्षं लागली. एक परकी वाटली, एक घरची. पुढे वाचलं, की हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. हंगेरीतल्या सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने ते लाल ढोबळ्या मिरचीसारख्या पाप्रिकातून किलोकिलोने काढलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भाजल्यावर त्यातलं किती उरत असेल कोण जाणे, पण कच्च्याही चावून खायचोच की आम्ही.

(जाता जाता गाजरगवताबद्दल. माझ्या वाफ्यांतला तो कायमचा शत्रू. तोही अमेरिकेचाच. पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आला असं सगळे छातीठोकपणे सांगतात. पण पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं १९५५ मध्ये आणि पीएल-४८० चा आपला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी १९५१ पासून अमेरिकन गहू कर्जाने येत होताच, त्यातून आलं असेल. सनावळी बघितल्याशिवाय बोलू नये, एवढंच.)

मिरची सोडा, एकदा हातात टोपली घेऊन माझ्या परसात चक्कर मारा. मांडवावरचा दोडका, कारलं, पडवळ, कुंपणावरची तोंडली, काकडी ही मंडळी इथलीच किंवा इथल्या शेजारपाजारची. दुधी भोपळा मूळचा आफ्रिकेचा, पण आला तो हजारो वर्षांपूर्वी. त्याच्याच कडू भावंडाला पंढरपूरच्या आसपास भीमाकाठी अजून पिकवतात, मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी. लाल भोपळा मात्र दुधीचा सख्खा नव्हे, तो अमेरिकेचा. श्रावणघेवडा अमेरिकेचा, वाल-पावटा जुने. कोबी युरोपातला. त्याचं मराठी नावसुद्धा पोर्तुगीज 'कोव्ह' वरून आलं. बटाट्याचं नाव तर त्यांच्याकडून जसंच्या तसं. टोमॅटो अगदी अलीकडचा. आमच्या आजीने तो शेवटपर्यंत सोवळ्यात शिवू दिला नाही, लाल रस बघून तिला कसंतरी व्हायचं. आणि वांगं? वांगं अस्सल इथलं. पण त्याच्या नावाचा प्रवास बघा. संस्कृत 'वातिंगण' इराणात जाऊन 'बादिंगान' झालं, अरबांनी ते स्पेन-पोर्तुगालला नेलं, तिथे त्याचं 'बेरिंजेला' झालं, आणि पोर्तुगीजांनी ते परत आणून आपल्या साहेबाच्या तोंडी 'ब्रिंजल' करून ठेवलं. आपलीच वस्तू, पृथ्वीचा अर्धा वळसा घालून नवं नाव लावून आली.

दादा, आता तुमच्या एकादशीबद्दल. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची. एकूण एक वस्तू अमेरिकेची! साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा, आणि सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० च्या दशकात. असं का झालं असावं याचा मी पुष्कळ विचार केला. उपासाला वर्ज्य काय याच्या याद्या जुन्या. भात, गहू, डाळी सगळं त्यांत सापडतं. जे तेव्हा इथे नव्हतंच त्याला यादीत मज्जाव कोण करणार? मागून आलेले सगळे दारातून सुखाने आत आले. मी हे चेष्टेने म्हणत नाही. खिचडी मलाही आवडते.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या भांडणात दोघांचंही लक्ष चुकीच्या शब्दावर गेलंय असं मला वाटतं. मिरची ही अभंगातली बिनवादाची वस्तू. तेव्हा खरी दचकवणारी गोष्ट होती कांदा आणि लसूण.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांच्या यादीत सुरुवातीलाच लसूण आणि कांदा आहेत. पाचव्या शतकात फाहियान आला, सातव्यात ह्युएनत्संग. दोघांनीही कांदा-लसणाबद्दल लिहून ठेवलंय. खाणारे थोडे, आणि जे खातात त्यांना गावकुसाबाहेर राहावं लागतं असं ह्युएनत्संग सांगतो. १८९० मध्ये मध्य आशियात कुचा इथे बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रांवरची एक संस्कृत पोथी मिळाली, चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानची. तिची सुरुवातच लसणाच्या गुणगानाने होते. विष्णूने मान कापलेल्या असुराच्या रक्तातून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मणांनी तो खाऊ नये असं त्यात आहे. आणि लगेच पळवाटही आहे. गाईला तीन दिवस गवत न देता लसणाची पात खायला घालायची आणि मग तिचं दूध प्यायचं! औषध तर हवं, पण लसूण म्हणून नको. माणसाचा स्वभाव पंधराशे वर्षांत काही फार बदललेला नाही.

या पार्श्वभूमीवर अरणचा एक माळी, विहिरीच्या थारोळ्याशी उभा राहून, दारं धरता धरता म्हणतो, की वाफ्यातला हा वास मारणारा कांदा आणि लसूण हीच माझी विठाई. ज्या वस्तू देवळात नेता येत नाहीत, नैवेद्याच्या ताटात चालत नाहीत, त्यांच्यातच देव आहे म्हणतो. सावतोबा पंढरपूरला गेले नाहीत असं परंपरा सांगते. मळा सोडला तर रोपं वाळतील, हे ज्याने उन्हाळ्यात भाजीपाला केलाय त्याला सांगावं लागत नाही. चार दिवस पाटाचं पाणी चुकलं की कोथिंबीर बसली, मुळा जून झाला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावतोबांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी अरणला जाते. ती रीत याच गोष्टीतून आलेली आहे.

दादा चातुर्मासात कांदा-लसणाला शिवत नाहीत. तरी भजनात टाळ धरून तेच नाव मोठ्याने घेतात. मी हे त्यांना विसंगती म्हणून दाखवत नाहीये. व्रत हे व्रत आहे, अभंग हा अभंग आहे. पण भाच्याने प्रश्न विचारायचाच होता तर हा विचारायचा होता. त्यावर दादांबरोबर रात्रभर बोलता आलं असतं, आणि मीही आले असते ऐकायला. मिरचीचा प्रश्न सन पाहून सुटतो, हा सुटत नाही.

असो. लिहिता लिहिता श्रावण संपत आला. ऋषिपंचमी आठ-दहा दिवसांवर आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर न लागलेल्या जमिनीतलं, हाताने खणून लावलेलं खायचं अशी रीत, म्हणजे परसाचाच सण. आळू आणि माठाचे देठ तयार आहेत. पडवळ हातभर झालाय, वर दगड बांधलाय म्हणून सरळ तरी आहे. दोडके, भेंडी, लाल भोपळ्याची फोड, दोन कणसं कुंपणाजवळ येतील तोवर. सहापैकी एका मिरचीला चुरडा आला होता, ती काढली, बाकीच्या पाचांना फुलं आणि लहान मिरच्या आहेत. पहिला तोडा भाजीत पडेल. सुरण तेवढा बाजारातून आणावा लागेल.